आई, तिथं भेटशील ना?

फोन आला तेव्हा मी नवा रायपूरला, आमच्या विभागाच्या बैठकीत होते. फोन माझ्या भाचीचा होता, रीमाचा. "मौसी, मम्मी चली गई," ती म्हणाली. आवाज इतका शांत की मीच दोनदा विचारलं, काय म्हणालीस? आणि मग तिसऱ्यांदा विचारलं ते भलतंच. आई काय करतेय? रीमा म्हणाली, नानी मम्मीजवळ बसली आहे... आमच्या कार्यालयाच्या बसगाड्या संध्याकाळी सुटतात. मधल्या वेळात त्या लांबरुंद रस्त्यांवर काही मिळणं कठीण. एका सहकाऱ्यानं आपली गाडी काढली. दोन्ही बाजूंना नवे, रिकामे चौक मागे पडत होते, तो बिचारा सांत्वनाचं काहीबाही बोलत होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी मी निघाले तोवर आईनं ताईला उत्तर दिलेलं नव्हतं. नंतर दिलं का? की ताई ते न ऐकताच गेली?

कसलं उत्तर, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

सुजाताताई माझी थोरली बहीण. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून रायपूरला आलेले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी वाढलो. भंडाऱ्याला जाताना ताई गाडीत आधी चढून आईसाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायची. घर बौद्ध, आणि नुसतं नावापुरतं नाही. आईच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा स्वतःच्या हातानं उचलून बाहेर नेला होता, आणि ते पाहणारी लहानगी म्हणजे माझी आई. तिला शाळा फारशी मिळाली नाही, पण विचार तिचे पक्के. आत्मा नाही, स्वर्ग नाही, मेलेला माणूस कुठंही बसून आपली वाट पाहत नाही. जे करायचं ते इथं, जिवंतपणी, एकमेकांशी नीट वागून. हे ती आम्हाला पोळ्या लाटता लाटता सांगायची, आणि तसंच वागायची.

ताई गणितात हुशार. एका मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. तिथंच खेळाचे शिक्षक होते सॅम्युएल, आमचे जीजाजी. इथलेच छत्तीसगढी ख्रिस्ती, हिंदी बोलणारे, उंच आणि कमालीचे लाजाळू. लग्नाला आईनं नाही म्हटलं नाही. माणूस चांगला आहे ना, मग झालं, एवढंच म्हणाली. ताईनंही तेव्हा धर्म बदलला नव्हता. रविवारी जीजाजी चर्चला जायचे, ती घरी मुलांच्या वह्या तपासत बसायची. पुढं सोनू झाला. तो दिवसभर आईकडे असायचा, त्यामुळे बापाच्या हिंदीआधी आजीची मराठी बोलायला लागला. "मले दे", "मी नाई जात", अगदी आजीच्या थाटात.

सोनू तीन वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला. त्याच दिवसांत आमचं राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. शहरभर रोषणाई होती, फटाके वाजत होते, आणि ताई आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत कानांवर हात दाबून बसलेली होती. तिनं आईला विचारलं, "आई, तो कुठं गेला असन?" आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात न थांबवता ती म्हणाली, "कुठंच नाही, बाई. दिवा विझला. आता तू स्वतःले सांभाळ."

आई खोटं बोलली नव्हती. तिला जे खरं वाटत होतं, ते तिनं अतिशय मायेनं सांगितलं होतं. पण त्या वाक्यानं ताईच्या आत काहीतरी मोडलं. महिन्याभरानं ती जीजाजींबरोबर पहिल्यांदा चर्चला गेली, आणि पुढच्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. लोकांनी नेहमीप्रमाणे अंदाज बांधले, नवऱ्यानं जबरदस्ती केली असेल, शाळेनं केली असेल. तसं काही नव्हतं. जीजाजी तर उलट तिला थांब म्हणत होते, दुःखात निर्णय घेऊ नकोस म्हणत होते. मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "वंदू, सोनू प्रभूपाशी आहे, हे मी स्वतःची समजूत घालायले नाही म्हणत. मले ते आतून माहीत झालं. कसं ते मले गणितासारखं मांडून दाखवता नाही येत."

आईला हे फार लागलं. आपल्या वडिलांनी एवढ्या कष्टानं एक दार बंद केलं आणि मुलीनं दुसरं उघडलं, असं तिला वाटलं. ती ताईकडे जायची, रीमाच्या वेळी ताईच्या बाळंतपणात तीन महिने राहिलीही, पण नाताळाच्या दिवशी कधी गेली नाही आणि चर्चची पायरी कधी चढली नाही. धर्माचा विषय दोघींनीही बंद करून टाकला. जवळजवळ वीस वर्षं त्या भाज्या, दुखणी, रीमाची शाळा यांवर बोलत राहिल्या.

मग ताईचं दुखणं आलं. पोटात दुखतं, जेवण जात नाही, म्हणून तपासण्या केल्या तर स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. ताईनं डॉक्टरांना सरळ विचारलं, त्यांनीही सरळ सांगितलं, महिने आहेत, वर्षं नाहीत. थोडे दिवस केमोथेरपी झाली. त्या उपचारांनी अंगातली उरलीसुरली ताकद नेली, तेव्हा ताईनंच ते बंद करायला सांगितले. वडील गेल्यापासून माझ्याकडे असलेली आई आपली पिशवी घेऊन तिच्याकडे राहायला गेली. मी कार्यालयातून परस्पर तिकडे जायची.

या काळात ताईची श्रद्धा मी फार जवळून पाहिली. मरणाची भीती वाटत नाही, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची, "घाबरते ना मी. पण एकटी नाही घाबरत." आपल्याला कुठं पुरायचं, कोणती पांढरी साडी नेसवायची, तिनं सगळं ठरवलं होतं. सकाळी वेदना कमी असल्या की जीजाजी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची, एखादी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा धडा ऐकेल तशी. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवाज न करता घासायची.

जीजाजी मात्र खचत चालले होते. ताईला जायची तयारी करायची होती आणि त्यांना तिला जाऊ द्यायचं नव्हतं. कुणीतरी त्यांना बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाकडे नेलं. त्यांच्या चर्चचा त्या माणसाशी काही संबंध नव्हता. त्यानं सांगितलं, बाई बरी होईल, पण औषधावर टेकून राहिलात तर विश्वास अपुरा पडतो. जीजाजींनी ताईच्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ताईनं त्यांना अडवलं नाही. त्यांच्यासाठी ती हे करायला तयार झाली, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळी पोचले तर ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली, टॉवेलचा बोळा दातांत धरलेला, उशी घामानं ओली. आई पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती, आणि आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाहेरच्या खोलीत दहा-पंधरा माणसं प्रार्थनेला जमत होती, तो प्रचारकही आला होता. मी जीजाजींना अंगणात नेलं आणि किल्ली मागितली. ते रडायला लागले. म्हणाले, आज का दिन देख लेते हैं, वंदना. मी त्यांना नको ते बोलले. तुम्ही तिला मारताय, असं मी म्हणाले. ते तसेच उभे राहिले, किल्ली खिशात, खिशावर हात.

आम्ही आत आलो तर ताई खोलीच्या दारात उभी होती. चौकट धरून, वाकून, पण उभी. आई मागून तिला कमरेशी धरून होती. प्रार्थना थांबली. ताई त्या प्रचारकाला हिंदीत म्हणाली, आवाज अगदी बारीक, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा स्पष्ट, "भैया, मेरा विश्वास कम नहीं है. मैं जिसके पास जा रही हूँ, उसे जानती हूँ. आप लोग मुझे जाने से रोकने की दुआ कर रहे हो. मत करो." मग जीजाजींकडे वळून म्हणाली, "सॅम, चाबी दो."

त्यांनी किल्ली तिच्याकडे नाही, आईकडे दिली. आईनं कपाट उघडलं, गोळी काढली, पाण्याचा पेला आणला, आणि सगळ्यांच्या समोर ती ताईच्या जिभेवर ठेवली. प्रचारक थोड्या वेळानं निघून गेला. ताईच्या चर्चचे म्हातारे पास्टर दुपारी आले, त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी जीजाजींना जवळ घेतलं, बराच वेळ घेऊन बसले, आणि रागाचा एक शब्द काढला नाही.

त्या दिवसानंतर मायलेकींत काहीतरी सैल झालं. आणि मला वाटतं, म्हणूनच ताईला धीर आला. एका संध्याकाळी आई तिला चमच्यानं पेज भरवत होती, मी खिडकीशी कपडे घडी करत होते. ताईनं चमचा हातानं थांबवला. म्हणाली, "आई, एक विचारू? तू तिथं भेटशील ना मले?"

आईचा हात हवेत तसाच राहिला. पेज चमच्यातून टपटप वाटीत पडत होती. ताई वाट पाहत होती. आईनं चमचा खाली ठेवला, पदरानं ताईचे ओठ पुसले, वाटी उचलली आणि आत गेली. ताईनं डोळे मिटले.

मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. म्हणाले, हो म्हण ना. काय जातं तुझं? दोन अक्षरं आहेत. ती जाणारच आहे, सुखानं तरी जाईल. आई बेसिनपाशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "त्या पोट्टीनं मले कधी खोटं नाही सांगितलं. बाप्तिस्मा घेतला, ते बी आधी येऊन तोंडावर सांगितलं. आता ती मरून राहिली, तं मी तिच्याशी खोटं बोलू?" मी म्हणाले, खोटं कशाला, माया म्हणून म्हण. आई वळली. "माया खोटी नसते, वंदना. तिले कळन. माझ्या तोंडाकडं पाहिल्यावर तिले लगेच कळन."

मला त्या वेळी आईचा राग आला. तत्त्वं कुठवर धरायची माणसानं... आज तेवढा राग येत नाही. पण ते दिवस आम्ही कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. आई ताईचं सगळं करत होती, केस विंचरत होती, तेल लावत होती, कूस बदलत होती, आणि तो प्रश्न दोघींच्या मध्ये पडलेला होता. ताई पुन्हा विचारत नव्हती. मलाच एकदा म्हणाली, आईच्या मागे लागू नकोस. पण आई खोलीत आली की तिची नजर आईच्या तोंडावर जायची आणि तिथंच थांबायची. दिवसेंदिवस तिचं बोलणं कमी होत होतं. मी रोज तिथून निघताना धास्तावलेली असायची, की हे असंच राहून जाईल.

एका दुपारी ताई झोपेतून दचकून उठली. मी जवळ होते. तिनं माझं मनगट धरलं, जोरात, आणि मला तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा शंका दिसली. "वंदू, तो तीन वर्षांचा होता. आता बावीस-तेवीसचा झाला असन, का तेवढाच असन? आणि मी अशी झाली... हाडं राहिली नुसती, केस गेले. त्यानं मले ओळखलंच नाही तर?" मी या सगळ्याला मानत नाही, मी नुसती तिची उशी सारखी केली. जीजाजी दारात उभे होते. इतकी वर्षं ज्या खात्रीवर ती उभी होती, ती आमच्या डोळ्यांदेखत हलत होती.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "काहून नाही ओळखणार?" आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो. "तू शाळेतून येत होतीस तं तो माझ्या मांडीवर झोपलेला राहे. फाटकाची कडी वाजली का डोळे उघडे. शेजारच्या बायका येत, त्यांनी बी कडी वाजवली तं उठत नव्हता. तुझ्याच हाताची कडी त्याले कळे. तोंड कुठं पाहिलं होतं त्यानं?" एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. ताईची माझ्या मनगटावरची पकड सुटली. ती रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. आईनं स्वर्ग आहे असं म्हटलं नव्हतं. तिनं फक्त तिला माहीत असलेली एक खरी गोष्ट सांगितली होती, आणि ताईच्या श्रद्धेला नेमकी तीच हवी होती.

पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकीच होतं. शेवटच्या रात्री मी तिथंच राहिले होते; सकाळी ताईचा श्वास वेगळा लागत होता. मी रजा घेते म्हणाले, तर तिनंच खुणेनं जा म्हटलं. मी निघाले... आणि दुपारी त्या मोकळ्या रस्त्यावरून परत येत होते.

घरी पोचले तेव्हा ताईला ती पांढरी साडी नेसवून झाली होती. आई तिच्या उशाशी बसली होती, डोळे कोरडे. तिला विचारायचा धीर मला झाला नाही. रीमा मला मागच्या अंगणात घेऊन गेली. या मुलीला मराठी सगळी समजते, पण बोलते कायम हिंदीत. आजीनं काहीही विचारलं तरी उत्तर हिंदीतच. तिनं सांगितलं, तू गेल्यावर मम्मीनं नानीकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, विचारलं काही नाही. नानी जवळ सरकली, मम्मीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आणि मग रीमानं आजीचे शब्द मला जसेच्या तसे, मराठीत, अडखळत म्हणून दाखवले. "तिथं काय आहे, मले मालूम नाही, सुजे. पण काही असन, तं मी तुले शोधत येईन. जागा धरून ठेवजो."

ताई हसली, रीमा म्हणाली. अगदी हसली. आणि विचारलं, "खिडकीजवळची?" नानी म्हणाली, "हव. खिडकीजवळची." त्यानंतर ताई बोलली नाही. जीजाजी वाचत होते, ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता श्वास थांबला. वाचन संपेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. आई पहिल्यांदा चर्चमध्ये आली, मागच्या बाकावर बसली. सगळे उभे राहिले की उभी राहायची, बसले की बसायची, गाणी सुरू असताना समोर शवपेटीकडे एकटक पाहत होती. कबरीपाशी तिनं मूठभर माती घेतली, ती बोटांनी बारीक केली, खडे वेचून बाजूला टाकले आणि मग टाकली.

याला आता काही आठवडे होऊन गेले. आई माझ्याकडे परत येईल, असं मी धरून चालले होते. पण जीजाजी म्हणाले, माँजी, अभी मत जाइए, आणि ती राहिली. ताईच्या खोलीत झोपते. आपले विचार तिनं तसूभर बदललेले नाहीत. माझ्याजवळ तसं स्पष्ट म्हणाली. संध्याकाळी जीजाजी त्या खोलीत खुर्ची ओढून शास्त्र वाचतात, तेव्हा मात्र ती आता उठून स्वयंपाकघरात जात नाही. पलंगाच्या कडेला बसून असते.

मागच्या रविवारी मी गेले होते. वाचन झालं, जीजाजींनी चष्मा काढला. आई खिडकीबाहेर पाहत होती. मग त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "सॅम्युएल, तिथं समदे हिंदीच बोलत असतीन का? तिच्याशी मराठीत बोलायले कोणी असन का नाही?"

जीजाजींना आमची मराठी समजते, पण इतक्या वर्षांत बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग शब्द एकेक करून जुळवत म्हणाले, "सोनू आहे ना, आई. त्याले येते."

आईनं मान हलवली. म्हणाली, हो, त्याले येते. आणि दिवा लावायला उठली.